खंडेनवमीला घासलेली नळी

साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याला जोडून छोटी प्रयोगशाळा होती. तिथं मी अकरा वर्षं फरशी पुसली, भांडी धुतली, कचरा काढला. शिक्षण चौथी. नवरा पलटणीतून सुभेदार होऊन परतला आणि दोन पावसाळे घरी काढून गेला. त्याची पेन्शन मला मिळत होती, घरचा ऊस होता. पोटासाठी कामाला गेले असं कुणी समजू नये. सुनेच्या समोर दिवसभर बसायला नको म्हणून गेले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझी कीव करणार नाही.

माझी ख्याती तोंडाळ म्हणून होती. साहेब चहात तिसरा चमचा साखर घालायला लागले की सगळे बघत बसायचे आणि मी म्हणायचे, "आवं साहेब, प्वाट बघा जरा, सदऱ्याची बटणं रडाया लागली." साहेब वाईचे, मऊ बोलणारे. ते हसून चमचा खाली ठेवायचे. तोंडावर बोलणारी बाई खोटं बोलत नाही असं लोकांना वाटतं. मलासुद्धा माझ्याबद्दल तसंच वाटत होतं.

तिथं आष्ट्याकडची एक मुलगी आली. पीएचडी करत होती आणि त्यासाठी तिला कोपऱ्यातलं टेबल आणि काचेची मोठी पेटी दिली होती. त्या पेटीला समोरून दोन भोकं आणि भोकांना कोपरापर्यंतचे काळे रबरी हातमोजे बसवलेले. बाहेर उभं राहून हात मोज्यात घालायचे आणि आतल्या वस्तू हलवायच्या. आत हवा नसायची, दुसराच कसलातरी कोरडा वायू भरलेला असायचा. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, "पोरी, आत नाग हाय का काय?"

"नागच समजा मावशी," ती म्हणाली. "चांदीचा नाग."

मग तिनं मला समजावलं. चांदीला फ्लोरीन नावाचा वायू पाजायचा. त्याची काळपट तपकिरी पूड होते. ती पूड आधीपासून लोकांना ठाऊक होती. हिला त्या चांदीच्या जोडीला आणखी एक धातू बसवून नवा पदार्थ करायचा होता, तो कुणी केलेला नव्हता. आणि नुसता करून भागत नव्हतं. तो खरंच तोच आहे हे दाखवायला पुण्याला पाठवून त्याच्यावर क्ष-किरण टाकायचे. तिकडून कागद येतो, त्यावर उभ्या टोकदार रेघा असतात. प्रत्येक पदार्थाच्या रेघा ठरलेल्या जागी. एकही रेघ परक्याची दिसली की पदार्थ भेसळीचा.

"आन् एवढं झाकून का ठेवायचं?"

"ते कुणाशीच नीट राहत नाही मावशी. पाणी दिसलं की भांडतं. काचेला धरतं, कापसाला धरतं. हवेतल्या दमटपणानंसुद्धा बिघडतं. शेजारी जो असेल त्याच्याकडनं काहीतरी हिसकावून घ्यायचंच."

"आमच्या धाकट्या जाऊबाईवानी."

ती इतकी हसली की तिला मोज्यातून हात काढावे लागले. त्या दिवसापासून आमचं जमलं. ती डब्यातली मेथीची भाजी मला द्यायची आणि मी तिला सांगायचे की तुझ्या आईला मीठ कळत नाही.

भिंतीवर मलमाची एक ट्यूब टांगलेली असे. ती मला दाखवून मुलीनं बजावलं होतं, "यातलं काही अंगाला लागलं तर आधी दुखणार नाही. नंतर हाडापर्यंत जातं. लागलं असं वाटलं तरी लगेच पाण्याखाली हात धरायचा, मलम चोळायचं आणि मला हाक मारायची. लाजायचं नाही." मी तिच्या टेबलाजवळ जपून वागायचे. ती सांगेल तेच पुसायचे. तीन वर्षांत माझ्या हातून एक चमचा हलला नाही.

तीनदा तिचा पदार्थ बिघडला. चौथ्या खेपेच्या आधी साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. दार उघडंच होतं, मी व्हरांडा पुसत होते. साहेब म्हणाले, "दसऱ्यानंतर एकदा करा. शुद्ध निघाला तर पुढची दोन वर्षं तुमची. नाही निघाला तर मला टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल. वरून विचारतात." तिचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं, सांगलीला. सासरच्यांनी कबूल केलं होतं की काम चालू असेल तर ती साताऱ्याला राहून पुरं करील. काम बंद पडलं तर राहायला कारण उरणार नव्हतं. हे ती मला जेवताना बोलली होती. म्हणजे त्या चौथ्या खेपेवर काय काय टांगलेलं आहे, हे मला साहेबांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

ते काम एका निकेलच्या नळीत व्हायचं. मनगटाएवढी जाड, हातभर लांब, दोन्ही टोकांना आट्यांची टोपणं. चौथ्या खेपेसाठी तिनं नवी नळी घेतली आणि पंधरा दिवस ती रिकामीच त्या वायूला जोडून ठेवली. थोडा वायू सोडायचा, थांबायचं, पुन्हा सोडायचा. मला वाटलं, पोरगी भ्यालीय, काम पुढं ढकलतीय.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी यंत्रं बंद ठेवून पूजा होते. प्रयोगशाळेतही प्रत्येक टेबलावरचं एकेक हत्यार मधल्या मोठ्या टेबलावर मांडायचं, त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल. कुणी तराजू मांडला, कुणी पाना. मुलीनं आपली ती नळीच आणून ठेवली. म्हणाली, "यंदा हिलाच देवीसमोर बसवू या मावशी. वरनं नुसतं पुसा. टोपणं काढू नका. आणि कुंकू नळीला नको, खाली पाटाला लावा."

"देवीला पाटाचं कुंकू पोचतंय व्हय?"

"पोचतंय. देवीचं शिक्षण झालंय."

ती फुलं आणायला गेली. पूजेला अजून तासभर होता. मी नळी पुसायला घेतली. बाहेरून बरी होती. पण माझ्या मनात आलं की आतून कशी असेल. माझ्या नवऱ्याचं ऐकून ऐकून मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. नळी बाहेरून कशी का असेना, आतून आरशासारखी पाहिजे. तो सुट्टीवर आला की दसऱ्याला घरातला कोयता, विळा, कुऱ्हाड सगळं माझ्याकडून घासून घ्यायचा आणि सांगायचा की पलटणीत बंदुकीच्या नळीत डाग दिसला तर जवानाला मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. दोरीला चिंधी बांधून नळीतून कशी ओढायची, हे त्यानं मला पाटाच्या पाण्याच्या पाइपावर करून दाखवलं होतं.

मी पाना घेऊन एक टोपण काढलं. उजेडाकडं धरून आत पाहिलं. आत मळकट, हिरवट पिवळी झाक आलेली. पितळेच्या तांब्याला सहा महिने हात लावला नाही तर चढते तशी. मला वाटलं, शिकल्यासवरल्या पोरीनं असली नळी देवीसमोर ठेवली. दुसरं टोपणही काढलं. रबरी मोजे घातले, तेवढी अक्कल होती. चहाच्या खोलीत चिंच होती, राख मी घासणीसाठी घरून आणत असे. दोरीला चिंधी बांधली आणि पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे ओढली. खळखळून धुतली, कोरड्या फडक्यानं पुसली, उन्हात धरली. आतून लख्ख झाली. टोपणं होती तशी आवळून टाकली. तिला सांगायचं नाही असं काही मी ठरवलं नव्हतं. ती फुलं घेऊन आली, तिच्यामागं साहेब आले, आरती सुरू झाली आणि राहून गेलं. नंतर वाटलं, टोपणं काढू नका म्हणाली होती, कशाला उगाच बोलणी खा.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी तिनं नळी भरली. पेटीतल्या पेटीत भरली, काचेआडून तिला नळीच्या आत दिसत नव्हतं. पेटीतच टोपण लावलं आणि मग बाहेर काढली. मी समोर खिडकीच्या काचा पुसत होते, मी सगळं पाहिलं. तिचा फोन खुंटीवरच्या पिशवीत होता. त्या दिवसांत तिला होणाऱ्या नवऱ्याचे फोन फार यायचे, म्हणून ती कामाच्या वेळी तो पिशवीत टाकून द्यायची.

दोन दिवसांनी नळी उघडली तर पुडीत पिवळट डाग. तरी तिनं नमुना पुण्याला पाठवला. कागद आला. ती कागद घेऊन खिडकीशी उभी राहिली आणि बोटानं रेघा मोजायला लागली. एका जागी बोट थांबलं, पुढं सरकलं, परत तिथंच आलं. मी विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "इथं कुणीतरी परकं आहे मावशी." मला कागदातलं काही कळत नव्हतं. तिचं बोट कळलं.

साहेबांनी विजेरी लावून नळीत पाहिलं. "आतला थर जागोजागी सोललाय," ते म्हणाले. "पंधरा दिवस त्या वायूनं नळीला आतून जे कातडं आणलं होतं तेच गेलंय. ओल शिरली असणार. भरताना उघडी राहिली होती का?"

तेव्हा मला कळलं की मी काय घासून काढलं. कळलं नाही असं म्हणायला जागा नाही. चांगलं कळलं.

"नाही साहेब," ती म्हणाली. "मी पेटीतच बंद केली."

साहेब माझ्याकडं वळले. "मावशी, तुम्ही होतात ना इथं? नळीला कुणी हात लावला होता का?"

मी म्हणाले, "मी न्हाई लावला. दुसऱ्या कुणी लावलेला बघितला न्हाई."

इथंच थांबले असते तर निम्मंच पाप झालं असतं. साहेब अजून माझ्याकडंच बघत होते. मी पुढं बोलले, "भरली त्या दिशी बाई फोनवर हुत्या. नळी पेटीतनं भाईर काढली आन् टोपण तसंच टेबलावर ठिवून बोलत बसल्या. लय येळ."

मुलगी माझ्याकडं पाहत राहिली. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती आठवत होती. मी म्हणतेय म्हणजे तसं झालं असेल का, हे ती आठवून बघत होती. "मला नाही वाटत," एवढंच ती म्हणाली, आणि तेही हळू. साहेबांनी मान हलवली. ते तिला एक शब्द वाईट बोलले नाहीत. महिनाअखेरीला टेबल रिकामं झालं. जाताना तिनं मला तिचा डबा दिला, स्टीलचा. म्हणाली, "मावशी, मीठ कमी असायचं तरी खाल्लंत." मी डबा घेतला.

मी हे का केलं, तर काम जाईल म्हणून. काम गेलं असतं तर काय झालं असतं? उपाशी मेले नसते. सुनेसमोर बसावं लागलं असतं. तेवढ्यासाठी मी केलं. आणि मन खातं, झोप उडते असं लोक सांगतात, तसंही माझं काही झालं नाही. पुढची चार वर्षं मी तिथंच फरशी पुसली, जेवले, झोपले. दर खंडेनवमीला तेवढी मी पूजेच्या टेबलाकडं फिरकत नसे. पाय दुखतात म्हणून सांगत असे.

मग काम सुटलं. त्यावर तीन वर्षं गेली. गेल्या वर्षी मी सांगलीला लेकीकडं महिनाभर राहिले होते. नात अकरावीला आहे, संध्याकाळी रसायनशास्त्राच्या क्लासला जाते. एकदा जेवताना ती पाण्याच्या बाटलीचं झाकण चार-चारदा आवळत होती. मी म्हणाले, "मोडशील की ते."

नात म्हणाली, "आमच्या मॅडमनी सवय लावलीय आज्जी. त्या म्हणतात, मी एक नवा पदार्थ करत होते, फोनच्या नादात टोपण उघडं ठेवलं आणि तीन वर्षांचं काम घालवलं. माझ्यासारखं करू नका म्हणतात. दर बॅचला सांगतात."

मी हातातला घास ताटात ठेवला. लेक म्हणाली, "काय झालं? खडा लागला का?" मी हो म्हणाले.

त्या मुलीला मी टेबलावरून उठवलं, हे मी जाणून होते. पण ती माझं खोटं स्वतःच्या तोंडानं पोरांना शिकवत असेल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, क्लास भरायच्या आधी, मी नातीला विचारून तो पत्ता गाठला. वरच्या मजल्यावर एक खोली, फळा, बाकं. ती खडू मोडून डबीत भरत होती. अंगानं भरली होती. मला लगेच ओळखलं.

"अगंबाई, मावशी! कशा आहात? बसा ना. चहा ठेवू?"

"च्या नगं. आधी ऐक, मग बसायचं का न्हाई ते तू सांग."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खंडेनवमी, टोपणं, चिंधी, राख, चिंच. मी तिचे पाय धरीन, रडेन असं तिला वाटलं असेल तर तसं मी काही केलं नाही. ती बाकावर बसली. मग तिनं जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"राख कशाची होती?"

"चुलीतली. बाभळीची. उसाचं पाचट बी असंल."

"किती वेळ घासलीत? धुतल्यावर तापवली नाहीत ना, नुसती उन्हात धरलीत?"

"नुसती उनात."

ती उठली, कपाटावरून एक जाड वही काढली. धूळ झटकून मधलं एक पान उघडलं. त्यावर तो रेघांचा कागद चिकटवला होता आणि एका रेघेला लाल गोल केलेला होता. त्या गोलापुढं तिनं सात वर्षं जागा मोकळी ठेवली होती. ती त्या रेघेकडं बघत मान हलवायला लागली. "राखेतलं होतं हे," ती म्हणाली. "म्हणून कशाशीच जुळत नव्हतं. बाकीच्या सगळ्या रेघा बरोबर आहेत मावशी. पदार्थ झाला होता. माझी रीत बरोबर होती."

मला वाटलं ती आता हसेल. तिचा चेहरा उलट कडक झाला.

"चिंचेचा चोथा आत राहिला असता तर नळी माझ्या तोंडासमोर पेटली असती, ठाऊक आहे तुम्हाला?"

"न्हाई."

"आणि त्याच दिवशी सांगितलं असतंत, की मी घासली, तर काय झालं असतं माहितीये? पंधरा दिवस. आणखी पंधरा दिवसांत नळी परत तयार झाली असती. साहेबांनी दिले असते. तुम्हाला कुणी काढलंही नसतं. दोन शब्द बोलले असते."

पंधरा दिवस. मी समोरच्या बाकावर बसले. सगळं ऐकल्यावर तिनं बसा म्हटलं नव्हतं.

वहीवर हात ठेवून ती म्हणाली, "लिहून द्याल? साहेब अजून तिथंच आहेत. यानं काय होईल मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. पण वहीला हे लागतं."

तिनं कागद दिला, पेन दिलं. माझं अक्षर चौथीतलं, मोठं. मी लिहिलं की खंडेनवमीच्या दिवशी मी विचारल्याशिवाय टोपणं काढून नळी राख आणि चिंच लावून आतून घासली, पाण्यानं धुतली आणि कुणाला सांगितलं नाही. खाली सही केली आणि कागद तिच्याकडं सरकवला.

तिनं वाचला. परत माझ्याकडं सरकवला. "साहेबांनी विचारलं तेव्हा काय म्हणालात, ते राहिलं."

ते मी मुद्दामच मागं ठेवलं होतं. घासलं ते अडाणीपणात गेलं असतं. हे कशात जाणार? मी सहीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं की साहेबांनी विचारल्यावर मी हात लावला नाही असं खोटं बोलले, आणि बाई फोनवर होत्या, टोपण उघडं होतं, असं खोटं सांगितलं. लिहिताना जिन्यावर पोरांची पावलं वाजायला लागली होती. ती दाराशी जाऊन त्यांना म्हणाली, "पाच मिनिटं खाली थांबा रे." मग परत येऊन माझ्यासमोर बसली.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"इचार."

"त्या दिवशी माझा फोन चालू नव्हताच ना? तुम्ही म्हणालात तेव्हा मला वाटलं, नव्हता. मग लग्न झालं, घरात कुणी ना कुणी म्हणायचं, तुझ्याच हातनं झालं ना ते. आठवून आठवून मला आता दिसतं मावशी, मी फोन कानाला लावलेला. टोपण टेबलावर. अगदी दिसतं."

"न्हवता," मी म्हणाले. "फोन पिशवीत हुता. पिशवी खुटीला. टोपण तू पेटीतच लावलंस, दोनदा आवळलंस. मी काच पुसत बघत हुते."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि ठेवला नाही. त्या हाताला तो हक्क नव्हता. मग तिनं डोळे पुसले आणि कागदाकडं बोट केलं.

"ते पण लिहा."

मी लिहिलं. फोन पिशवीत होता. टोपण तिनं पेटीतच लावलं होतं. मी पाहिलं होतं. मग पुन्हा सही केली.